चौथ्या बोल्टाखालची रेघ

रेघ तुम्ही हलवलीत, साहेब. एकदा नाही, चारदा. आणि नोटीस धाडलीत आमच्या दाजींना.

ती नोटीस आली तेव्हा दाजी दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. ताईने लिफाफा फोडला आणि दारातच उभी राहून मोठ्याने वाचायला लागली, म्हणजे शेजारच्या दोन्ही घरांनाही वेगळं सांगायला नको.

"'आपण सेवानिवृत्त असूनही रोज सकाळी धक्क्यावर उभे राहून हात वर करता...' अहो, हात वर करता म्हणजे? उगारता की काय कुणावर?"

"उगारत नाही. नुसता वर करतो."

"'...व त्यामुळे प्रवाशांमध्ये घबराट पसरते.' तुम्हाला बघून घबराट? घरात मांजरसुद्धा जागचं उठत नाही तुम्ही आलात तर."

"पुढे वाच."

"'पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा निवृत्तिवेतनाबाबत योग्य तो विचार करण्यात येईल.'" इथे ताईचा आवाज खाली आला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, तू बस आता लिहायला. यांना सांगितलं तर हे कागदावर आधी समास आखत बसतील."

तर हा खुलासा मी लिहितोय. मी दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि त्याच बोटीवर तिकिटं फाडणारा माणूस, म्हणजे तुमचाच नोकर. तुमच्या आवक खिडकीवर आधी दिला होता. खिडकीतला म्हणाला, "एवढा मोठा खुलासा घेता येत नाही, एका पानात बसवा." बसत नाही. म्हणून पेपरात छापायला दिला.

दाजी म्हणजे तुमच्या खात्याचे रंगारी. एकतीस वर्षं. बोटी रंगवायच्या, कठडे रंगवायचे, बाकांवर आकडे घालायचे. पण त्यांना सगळा धक्का ओळखायचा तो रेघेमुळे. बोटीच्या पोटावर, चढायच्या फळीशेजारी, वरून खाली चार बोल्ट आहेत. त्यातल्या सगळ्यात खालच्या, चौथ्या बोल्टाखाली एक पांढरी रेघ असायची. हातभर लांब. ज्यांनी बोट बांधली त्यांनीच ती जागा ठरवून दिलेली. माणसं चढली की बोट खाली बसते. रेघ दिसतेय तोवर चढा. रेघ पाण्याखाली गेली की बोट भरली, मागच्यांनी पुढची बोट धरा. याला ना शाळा लागते ना शिट्टी. आंधळ्याला तेवढी दिसणार नाही, पण आमच्या धक्क्यावर एक आंधळा म्हातारा यायचा, तोही चढण्याआधी विचारायचा, "रेघ आहे ना रे वर?"

त्या रेघेवर दाजींचा भारी जीव. आधी खडूत बुडवलेला दोरा ताणून धरणार, टणकन सोडणार, उमटलेल्या खुणेवर चिकटपट्टी, मग दोन हात तेलाचा रंग. बाजूने कुणी शिंकलं तरी रागावायचे. ही सवय घरातही आलेली. पाण्याच्या टाकीवर रेघ, तेलाच्या बरणीवर रेघ, दुधाच्या भांड्यावर रेघ. ताई म्हणायची, "माझ्या कपाळावरही एक मारा. इथवर आलं की मी ओरडेन."

आणि दाराच्या चौकटीवर माझ्या भाचीच्या उंचीच्या रेघा. दर वाढदिवसाला तिला चौकटीला टेकून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची. सोळाव्या वर्षी पोरगी थांबली, तिथे रेघही थांबली. पुढे परिचारिकांच्या भरतीत तिची उंची नखभर कमी पडायला लागली. ताई म्हणाली, "दाखल्यावर थोडी वाढवून लिहून आणा ना. कोण मोजायला बसलंय?"

दाजी म्हणाले, "तू पोरीला वाढव, मी आकडा वाढवतो."

भाचीला नोकरी लागली ती पुढच्या वर्षी, अट शिथिल झाल्यावर. पलीकडच्या काठावरच्या सरकारी दवाखान्यात. म्हणजे रोज सकाळी सव्वाआठची बोट, संध्याकाळी परतीची. वर्षातले तीनशे दिवस दाजींची एकुलती एक मुलगी दाजींच्याच रेघेच्या भरवशावर नदीवर असणार. हे लक्षात ठेवा, साहेब, कारण पुढचं सगळं यावरूनच घडलंय.

आता तुमच्याकडे येतो.

आपल्याकडे बोटी दोन होत्या. त्यातली एक दुरुस्तीला गेली. दहा वर्षं झाली, अजून दुरुस्त होतेय. तिच्या छतावर आता झाड आलंय, बऱ्यापैकी सावली देतं. राहिली एक बोट आणि माणसं दुप्पट. मग तुम्ही काय केलंत? बोटीवर ऐंशी प्रवासी अशी पाटी होती, ती एकशेदहाची केलीत. पण ऐंशीच्या वर माणूस चढला की रेघ बुडायची आणि लोक थांबायचे. तेव्हा वरून कागद आला: सदर रेषा एक वीत वर घेण्यात यावी.

धक्क्याच्या कार्यालयात जे साहेब बसतात त्यांना आम्ही धक्केसाहेब म्हणतो. त्यांनी दाजींना बोलावून कागद दिला. मी तिथे तिकिटांची बुकं घ्यायला गेलो होतो, म्हणून कानांनी ऐकलं.

दाजींनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "साहेब, माझ्या घरी चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा आहेत. ती वाढली तशी रेघ वर गेली. बोट वाढते का?"

"काय?"

"बोट वाढते का, म्हटलं."

धक्केसाहेब हसले. म्हणाले, "तुम्ही ना, फार विचार करता. रंग किती लागेल ते सांगा."

रेघ तिसऱ्या बोल्टाखाली गेली. दोन वर्षांनी एकशेचाळीसची पाटी लागली, रेघ दुसऱ्या बोल्टाखाली. दर वर्षी तपासनीस यायचे, धक्क्यावर छत्री उघडून उभे राहायचे, बोटीकडे बघायचे. रेघ पाण्याच्या वर? वर. सही. एवढ्या वर्षांत बोटीवर पाय ठेवला नाही बाबाने. एकदा मी म्हटलं, "या ना साहेब, पलीकडे जाऊन येऊ." म्हणाले, "नको, मला पोहता येत नाही."

मी तरी कोण मोठा लागून गेलो? एकशेचाळीस तिकिटं मीच फाडत होतो. लोकांना बोलायचो, "सरका, सरका, आत जागा आहे." आत कुठली जागा? मलाच माझा पाय कुठे आहे ते पलीकडे गेल्यावर कळायचं.

मग एके सकाळी मधोमध, पात्र जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, वाळूने भरलेला एक पडाव, म्हणजे मोठी होडी, शेजारून गेला. त्याची लाट आली. मोठी नव्हती. पण काठ आणि पाणी यांत अंतर थोडकंच उरलं होतं. पाणी आत आलं, घोट्यापर्यंत. आणि एकशेचाळीस माणसांनी काय केलं सांगू? सगळ्यांनी पाय वर घेतले. बाकांवर, पिशव्यांवर, एकमेकांच्या मांडीवर. जसं काही पाय उचलले की वजन कमी होतं. एक जाडजूड गृहस्थ तर श्वास रोखून बसले होते. पलीकडे लागेपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. उतरताना मात्र सगळे एकदम बोलायला लागले आणि सगळे मलाच बोलायला लागले.

त्या संध्याकाळी भाची घरी आली, ओले बूट दारात उलटे ठेवले आणि कागदाचे बोळे करून आत कोंबायला लागली. दाजी बघत होते.

"पाऊस नाही, काही नाही. बूट कशाने भिजले?"

"बाबा, बोटीत थोडं पाणी आलं होतं."

"थोडं म्हणजे कुठवर?"

तिने बुटावर जिथे ओल संपली होती तिथे नख फिरवलं. "इथवर."

दाजींनी बूट हातात घेतला. त्या ओलीची कड अगदी सरळ होती. मग खिशातला खडू काढला आणि त्या कडेवर रेघ ओढली. एवढ्या वर्षांत मी ताईला गप्प राहिलेली पाहिली ती तेवढीच.

त्यानंतर वर्षभराने तुमचा सुरक्षा सप्ताह आला.

राजधानीतून मोठे साहेब येणार. बोट खरवडून नव्याने रंगवायची. प्रवासी संख्या एकशेसत्तर जाहीर करायची, कारण कागदोपत्री 'सुधारणा' दाखवायची होती. आणि रेघ? पहिल्या बोल्टाखाली. तिथून वर चार बोटं गेलं की काठच. दाजींच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. धक्केसाहेब म्हणाले, "शेवटचं काम चांगलं करून जा. वाकडं काही करू नका, आठ महिन्यांसाठी पेन्शन अडकवून घ्याल."

बोट काठावर ओढली होती, दाजी तिथे जाऊन कामाला लागले. सगळं पोट निळं केलं. मग त्यांच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मूळ रेघ आखली, चौथ्या बोल्टाखाली, पांढऱ्या तेलाच्या रंगात, दोन हात.

मी घाबरून म्हटलं, "दाजी, इथे कशाला? वर मारायला सांगितलीय."

"मेहुणे, आधी जिथे आहे तिथे आखायची, मग तिथून वर मोजायचं. मूळ जागाच नसेल तर 'वर' म्हणजे कशाच्या वर?"

हा त्यांचा कायदा. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनी असंच केलं होतं: मूळ आखायची, वर मोजायचं, मग मूळ रेघ निळ्या रंगाने बुजवायची. पण या वेळी मूळ रेघ वाळते न वाळते तोच भांडारवाला धावत आला आणि रंगाचे दोन्ही डबे उचलून चालायला लागला, पांढराही आणि निळाही.

"अरे, अरे! काम अर्धं आहे."

"स्वागताचा फलक राहिलाय. 'सुरक्षा हाच आमचा श्वास'. अक्षरं दोन-दोन फुटांची आहेत, रंग पुरत नाही."

"मग बोटीला काय लावू?"

"भिंतीचा रंग आहे की. पाण्यात कालवायचा. उद्या एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

दाजी शांतपणे म्हणाले, "लेखी द्या."

"काय लेखी?"

"मी तेलाचा रंग मागितला, तुम्ही भिंतीचा दिलात. एवढंच."

भांडारवाल्याला घाई होती. त्याने बुकातलं पान फाडून लिहिलं, शिक्कासुद्धा मारला. दाजींनी कागद घडी घालून खिशात ठेवला, भिंतीचा निळा कालवून मूळ रेघ बुजवली, भिंतीचा पांढरा कालवून पहिल्या बोल्टाखाली नवी रेघ ओढली. दोरा ताणून, चिकटपट्टी लावून. इतकी सुरेख रेघ मी त्यांच्या हातची दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. फीत कापली. भाषण झालं. सुरक्षेवर एक तास बोलले, तो तास लोक उन्हात उभे. मग फोटोसाठी सगळ्यांना बोटीत भरलं. मोठ्या साहेबांना पुढे खुर्ची. गुबगुबीत, लाकडी, चौघांनी उचलून आणलेली. त्यांच्यामागे मधले साहेब, मग धक्केसाहेब, मग फोटोवाले, फायली धरणारे, पाण्याच्या बाटल्या धरणारे, आणि उरलेल्या जागेत प्रवासी. मी तिकिटं फाडली, माणसं मोजली, साहेबमंडळी धरून एकशेअडुसष्ट. सव्वाआठची बोट, साहेबांमुळे अकरा वाजले होते. भाची डब्याची पिशवी छातीशी धरून कठड्याजवळ.

बोट खाली बसली, बसली, आणि पाणी नव्या रेघेला लागलं.

आधी कुणाला कळलं नाही. बोट धक्क्याला घासत होती, पाणी चुबुक चुबुक करत होतं. मग पाण्यावर दुधासारखं काहीतरी पसरायला लागलं. धक्क्यावर भाजीची टोपली घेऊन एक बाई राहिली होती, ती वाकून बघत होती. ती ओरडली, "अगं बाई, रेघ गेली!"

झालं. धक्क्यावरच्या माणसाला दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वर्षानुवर्षं रेघ गेली म्हणजे बोट भरली. शिवाय घोट्याइतकं पाणी कुणी विसरलं नव्हतं. लोक उठले.

धक्केसाहेब ओरडले, "बसा! बसा! रेघ बुडाली नाही, नुसती पुसली गेलीय!"

श्वास रोखणारे ते जाड गृहस्थ फळीवरूनच म्हणाले, "म्हणजे ते चांगलं की काय?"

दहा उतरले, वीस उतरले, पन्नास उतरले. बोट हलकी होऊन वर यायला लागली. पहिला बोल्ट वर, दुसरा वर, तिसरा वर. आणि भाजीवाली पुन्हा ओरडली, "थांबा! ही बघा खाली दुसरी दिसतेय!"

भिंतीचा निळाही धुऊन गेला होता, साहेब. पाण्याखाली तेलाच्या रंगातली मूळ रेघ थरथरत दिसत होती. नखाएवढी आत.

आता सगळी गर्दी वाकून बघायला लागली. "अजून दोघं उतरा." दोघं उतरले. "अजून थोडं." एक जण म्हणाला, "आता मी नाही, मी सकाळी सातपासून रांगेत आहे." दुसरा म्हणाला, "मग मी काय आत्ता जन्मलो?" बोटीत आता तिकीटवाले प्रवासीच राहिले होते, आणि साहेबमंडळी. मग सगळी बोट हळूच वळून पुढच्या खुर्चीकडे बघायला लागली.

मोठे साहेब उठले. खरं सांगतो, मला त्यांची थोडी दया आली. ते उतरले, मागोमाग मधले, मग धक्केसाहेब, मग फायली, मग बाटल्या. रेघ अजून किंचित आत. भाची म्हणाली, "मामा, खुर्ची."

मी आणि बोटीच्या चालकाने खुर्ची उचलून धक्क्यावर ठेवली आणि रेघ वर आली. पांढरीशुभ्र, हातभर लांब. पाणी तिच्या खालून जात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसात वाजलेल्या खऱ्या टाळ्या तेवढ्याच. मी माणसं मोजली. ऐंशी. चालक आणि मी धरून.

चौकशी बसली. दाजींनी घडी उलगडून भांडारवाल्याचा कागद ठेवला. त्यावर तुमचाच शिक्का. काय करणार? दाजींना तुम्ही बोटीवरून काढून कार्यालयाच्या आवारात गाड्या लावायच्या रेघा मारायला लावलंत. त्यांनी त्याही सरळ मारल्या. पण लोकांनी पाहिलेली रेघ बुजवायची तुमची हिंमत झाली नाही, आणि ते आठ महिने बोट ऐंशी माणसं घेऊन गेली. दिवसाला चार फेऱ्या वाढल्या, एवढंच. भाचीचे बूट कोरडे राहिले.

घरी ताईने एकदाच विचारलं, "खरं सांगा, मुद्दाम केलंत ना?"

दाजी म्हणाले, "मी तेलाचा रंग मागितला होता."

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलंत. चौथ्या दिवशी रेघ हलली. या वेळी तुम्ही बोल्टांच्या भानगडीतच पडला नाहीत. रेघ आता कठड्यावर आहे. कठड्यावर, साहेब! म्हणजे ती पाण्याला लागेल तेव्हा बोट आधीच तळाला असेल. तपासनीस येऊन छत्रीखालून बघून गेले. रेघ वर. सही.

म्हणून दाजी रोज सकाळी धक्क्यावर येतात. दोर बांधायचा लोखंडी खुंट आहे, त्यावर बसतात. गुडघे दुखतात, त्यामुळे उठायचे ते नेमक्या वेळी. चौथा बोल्ट पाण्याला टेकायला आला की उभे राहतात आणि उजवा हात वर करतात. तोंडाने काही नाही. लोक फळीवर थांबतात. कठड्याकडे कुणी बघत नाही, दाजींकडे बघतात. तो आंधळा म्हातारा हल्ली विचारतो, "हात आहे ना रे खाली?"

कुणीतरी घाईचा म्हणतो, "काका, माझ्या एकट्याने काय होतंय?"

दाजी म्हणतात, "तुमच्या मागचाही हेच विचारणार आहे."

ही ती घबराट.

गेल्या सोमवारी रांगेत बोट भरता भरता फळीवर पुढचा पाय कुणाचा आला, तर भाचीचा. आणि दाजींचा हात वर झाला.

"बाबा, मी एकटीच आहे. आज उशीर झाला तर तिसरा मेमो."

मी बोटीतून बघत होतो. मनात म्हटलं, दाजी, एवढं एकदा. त्यांनी बोल्टाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. खांदा धरतो हल्ली त्यांचा. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरला, पण खाली घेतला नाही. भाचीने पाय मागे घेतला. तिच्या मागचे सगळे एक-एक पाऊल मागे सरकले. मी फळी ओढून घेतली. बोट सुटली तरी दाजी हात वर धरून उभेच होते, आणि शेजारी ती, डब्याची पिशवी छातीशी धरून.

हा खुलासा. आता तुमची पाळी.

एक प्रश्न नऊ वर्षांपूर्वी तुमच्या कार्यालयात विचारला होता, तेव्हा हसण्यावारी नेलात. तोच पुन्हा विचारतो. पंधरा दिवसांची मुदत तुम्ही आम्हाला दिलीत, तेवढीच मी तुम्हाला देतो.

बोट वाढते का? हो की नाही? लेखी द्या.